नईमा गल्ल्यावर बसते

माझी मामी इंग्रजी शिकली ती एका टीव्ही मालिकेवर. लंडनला गेली तेव्हा तिला 'थँक्यू' आणि 'नो' हे दोनच शब्द येत होते, असं ती स्वतःच हसत सांगते. मामू बोटीवर होते. खेड तालुक्यातल्या आमच्या गावातले निम्मे पुरुष तेव्हा बोटीवर असायचे, उरलेले आखातात. पुढे मामूंनी बोट सोडली, पूर्व लंडनमध्ये काम धरलं आणि 1983 साली मामीला बोलावून घेतलं. मामूंची पाळी रात्रीची. दिवसा ते झोपलेले आणि रात्री मामी एकटी. मग तिने टीव्ही लावला.

त्या काळात बीबीसीवर 'ईस्टएंडर्स' नावाची मालिका नवीन सुरू झाली होती. दर मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी अर्धा तास. रविवारी दुपारी आठवड्याचे दोन्ही भाग पुन्हा दाखवायचे. त्यामुळे मामीला तेच संवाद दोनदा ऐकायला मिळायचे. पहिल्यांदा कळले नाहीत ते शब्द ती उर्दू लिपीत वहीत उतरवून ठेवी आणि रविवारी ताडून बघे. शिक्षिका म्हणून सांगते, बीएडच्या वर्गात भाषाशिक्षणाच्या ज्या पद्धती आम्हाला शिकवल्या त्यातली एकही मामीच्या या पद्धतीइतकी पक्की नव्हती.

त्या मालिकेत नईमा नावाची एक बांगलादेशी बाई होती. ती किराणा दुकान चालवायची. मामीच्या शेजारी राहणारी म्हातारी इंग्रज बाई तिला एके दिवशी म्हणाली, "तू अगदी आमच्या नईमासारखी दिसतेस." त्यानंतर ती मामीला नईमाच म्हणू लागली. मामीचं नाव वेगळं, गाव वेगळं, भाषा वेगळी आणि दुकान तर नव्हतंच. पण म्हातारी मनाने चांगली होती, ईदला शिरखुर्मा आवडीने खायची. मामीने दुरुस्ती केली नाही. "तिने निदान नाव तरी घेतलं," मामी म्हणते. "बसथांब्यावरची पोरं काय म्हणायची ते तुला सांगत नाही."

1988 च्या हिवाळ्यात मामी गावी आली तेव्हा तिच्या सामानात दोन व्हिडिओ कॅसेट होत्या. गावात एकाच घरी व्हीसीआर होता, अर्थात आखातवाल्यांच्या. आम्ही पोरं खाली चटईवर, बायका मागे, आणि मामी पडद्याशेजारी उभी राहून कोकणीतून अर्थ सांगायची. मला तेव्हा फक्त पाऊस, विटांची घरं आणि सतत भांडणारी गोरी माणसं आठवतात. आणि एक सावळी बाई, जी पडद्यावर आली की मागच्या बायका एकदम गप्प व्हायच्या.

मी ही मालिका पुन्हा नीट पाहिली ती चाळिशीत, जुने भाग मिळतील तसे. आणि मग नईमाबद्दल मला जे वाटलं ते मामीला वाटलं होतं त्याहून थोडं वेगळं होतं, आणि थोडं तेच होतं.

ज्यांना मालिका माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'ईस्टएंडर्स'चा पहिला भाग 19 फेब्रुवारी 1985 ला दाखवला गेला. ज्युलिया स्मिथ आणि टोनी हॉलंड या दोघांनी ती उभी केली. वॉल्फर्ड नावाची एक काल्पनिक वस्ती, तिच्यात अल्बर्ट स्क्वेअर नावाचा चौक आणि चौकाभोवतीची कामगार वर्गाची घरं. ही मालिका बघताबघता ब्रिटनचं राष्ट्रीय वेडच बनली. 1986 च्या नाताळच्या दिवशी दारूच्या गुत्त्याचा मालक डेन वॉट्स आपल्या बायकोच्या हातात घटस्फोटाचे कागद ठेवतो, तो भाग तीन कोटी लोकांनी पाहिल्याची नोंद आहे. त्या देशाची लोकसंख्या तेव्हा साडेपाच कोटींच्या आसपास.

अशा मालिकेत पहिल्या दिवसापासून एक मुस्लिम जोडपं होतं, सईद आणि नईमा. त्यांच्या दुकानाचं नाव 'फर्स्ट टिल लास्ट'. नईमाची भूमिका श्रीला घोष यांनी केली. दोघांचं लग्न घरच्यांनी जुळवलेलं, आणि मालिका सुरू होते तेव्हाच त्या लग्नात काही उरलेलं नाही. नईमाला नवरा नकोसा. सईद मग सुख दुसरीकडे शोधायला जातो आणि प्रकरण बदनामीपर्यंत पोचतं. 1985 संपेपर्यंत सईद बांगलादेशला निघून जातो आणि नईमा एकटी दुकान चालवायला लागते. मग तिचे नातेवाईक तिच्यासाठी स्थळं घेऊन येतात. ती नाही म्हणते, पुन्हा नाही म्हणते. 1987 मध्ये तीही बांगलादेशला जाते आणि मालिकेतून संपते.

आता माझी पहिली तक्रार. ती नावाबद्दल आहे.

या जोडप्याचं आडनाव ठेवलं होतं जेफ्री. म्हणजे आपलं जाफरी, इंग्रजी कानाला सोयीचं करून घेतलेलं. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, दोन्ही भाषांमधली नावं रोज हजेरीपटावर वाचते. जाफरी हे आडनाव ऐकलं की मला लखनौ आठवतं, हैदराबाद आठवतं. पूर्व लंडनमधला बांगलादेशी माणूस आठवत नाही. तिथले बांगलादेशी बहुतांशी सिलहेट या एकाच भागातून आलेले आहेत. मिया, उद्दीन, अली, चौधरी, बायकांमध्ये बेगम आणि खातून ही त्यांच्याकडची नावं. त्यांची सिलेटी बोली ढाक्याच्या बंगालीपेक्षा इतकी वेगळी की तिची स्वतःची जुनी नागरी लिपीसुद्धा होती. आमच्या कोकणी बोलीला 'ही काय भाषा आहे का' असं विचारणारे लोक जसे आपल्याकडे भेटतात, तसे सिलेटीलाही भेटतात.

आणि इथे मला उर्दूची शिक्षिका म्हणून थोडं ओशाळायला होतं. बांगलादेश हा देश ज्या भांडणातून निघाला त्याची पहिली ठिणगी उर्दू होती. 1948 मध्ये ढाक्यात जाऊन जिना यांनी उर्दू हीच राज्यभाषा राहील असं सांगितलं. 21 फेब्रुवारी 1952 ला बंगालीसाठी मोर्चा काढणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या. भाषेसाठी माणसं मेली आणि एकोणीस वर्षांनी, 1971 मध्ये देश वेगळा झाला. आणि लंडनच्या कुठल्यातरी कचेरीत बसलेल्या लेखकांनी त्या देशातल्या जोडप्याला उर्दू वळणाचं आडनाव दिलं. मालिका सुरू झाली तीही भाषाशहीदांच्या दिवसाआधी दोन दिवस! हा योगायोग लेखकांच्या गावीही नसणार.

त्या वेळी ब्रिटनच्या टीव्हीवर आणि सिनेमात सईद जाफरी हे नट खूप दिसायचे. नाव तिथूनच सुचलं असेल असा माझा आपला तर्क. खुद्द सईद जाफरी 1999 मध्ये 'कोरोनेशन स्ट्रीट' या दुसऱ्या, तितक्याच गाजलेल्या मालिकेत आले. तिथे त्यांच्या पात्राचं नाव रवी देसाई. आणि रवी देसाई काय करतो? कोपऱ्यावरचं दुकान विकत घेतो.

नावांची ही हेळसांड पुढेही चालू राहिली. 2003 मध्ये 'ईस्टएंडर्स'मध्ये एक भारतीय कुटुंब आणलं, त्यांचं आडनाव फरेरा. गोव्यात, वसईत, मुंबईत कुणालाही विचारा, फरेरा म्हटलं की घर ख्रिश्चन. पण या घरातल्या मुलांची नावं आदी आणि करीना, आणि बापाच्या दुसऱ्या संबंधातला मुलगा तारिक. बापाची भूमिका करायला आपल्या हिंदी सिनेमातले दलीप ताहिल गेले होते. ते कुटुंब कुणालाच खरं वाटलं नाही आणि दोन वर्षांत संपलं. मला आश्चर्य वाटतं ते एवढंच की त्या सगळ्या प्रक्रियेत 'अहो, असं घर नसतं' असं सांगणारा एकही माणूस खोलीत नव्हता का? की होता, आणि त्याला कुणी विचारलं नाही?

दुसरी तक्रार दुकानाची.

लंडनचं कोपऱ्यावरचं दुकान हे त्या काळात बहुतेक गुजराती लोकांचं. 1972 मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं, तिथून आलेल्या पटेलांनी, शहांनी अशी दुकानं घेतली आणि पहाटे ते मध्यरात्र चालवली. सिलहेटच्या माणसाची वाट वेगळी होती. तो आधी बोटीवर होता, आमच्या गावातल्या माणसांसारखाच. ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर रत्नागिरीकडची आमची माणसं डेकवर असायची आणि सिलहेटची माणसं खाली बॉयलरजवळ, कोळसा ओढत. गोव्याचे लोक जेवणघरात आणि केबिनमध्ये. कोण कुठे काम करणार हे गोऱ्या साहेबांनी जातीगणिक ठरवून टाकलेलं. खालची गरमी सोसवेना म्हणून सिलहेटचे कितीतरी खलाशी लंडनच्या धक्क्यावर उतरून परत बोटीवर चढलेच नाहीत. त्यांनी खाणावळी काढल्या. ज्याला जग 'इंडियन रेस्टॉरंट' म्हणतं ती ब्रिटनमधली बहुसंख्य हॉटेलं या सिलेटी लोकांची. ब्रिक लेन भागात बाकीचे शिवणयंत्रावर, चामड्याच्या कपड्यांच्या कारखान्यात. बायका घरी बसून अस्तरं शिवायच्या, नगावर पैसे.

म्हणजे खरी नईमा 1985 साली काय करत असती? बहुधा नुकतीच आलेली असती. कारण पुरुष आधी आले आणि बायकामुलं सत्तरीच्या अखेरीपासून पुढे. आणून ठेवायची कुठे, हा प्रश्न. कौन्सिलच्या घरांच्या यादीत बंगाली कुटुंबांना सगळ्यात पडकी घरं मिळायची किंवा मिळायचीच नाहीत. 1976 मध्ये तिथल्या बंगाली लोकांनी रिकाम्या इमारतींमध्ये घुसून राहायचं ठरवलं आणि संघटना काढली. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की शब्द होतो 'भाग'. बंगालीतही भाग म्हणजे वाटा, आपल्यासारखाच. मला तो शब्द फार आवडतो.

आणि भीती होती. 4 मे 1978 च्या संध्याकाळी अल्ताब अली नावाचा पंचवीस वर्षांचा शिवणकामगार कारखान्यातून घरी जाताना व्हाइटचॅपलजवळ भोसकून मारला गेला. दहा दिवसांनी हजारो बंगाली माणसं त्याची शवपेटी पुढे घेऊन पावसात पंतप्रधानांच्या घरापर्यंत चालत गेली. जिथे तो पडला त्याच्या जवळच्या बागेला 1998 मध्ये त्याचं नाव दिलं, आणि त्याच बागेत भाषाशहीदांचा मिनारही आहे. मामूंच्या घरापासून ही जागा बसने अर्ध्या तासावर. मामीला तिथे आल्यावर पहिली सूचना मिळाली ती हीच, की अंधार पडल्यावर एकटीने बाहेर जायचं नाही.

हे सगळं त्या चौकापासून हाकेच्या अंतरावर घडलेलं होतं. मालिकेच्या नावातच ईस्ट एंड आहे. मग लेखकांनी त्यातून काय उचललं? दुकान आणि जुळवलेलं लग्न.

दुकान का, हे मला आता कळतं. अशा मालिकेला माणसं एकमेकांना भेटतील अशा जागा लागतात. दारूचा गुत्ता, कपडे धुवायची लाँड्री, चहाचं हॉटेल, बाजार. दुकानात सगळे येतात. पाव घेतात, सिगारेट घेतात, दोन वाक्यं बोलतात आणि जातात. गल्ल्यामागच्या माणसाला सगळ्यांच्या घरची खबर असते, पण त्याच्या घरी कुणी जात नाही. मुस्लिम पात्र मालिकेत हवं, पण गुत्त्यात बसून बिअर पिणारं नको आणि घरात नमाज पढणारंही फार नको, तर मग त्याला उभं कुठे करायचं? गल्ल्यामागे. नईमाच्या नंतर ते दुकान अश्रफ आणि सुफिया करीम यांच्याकडे गेलं. 2007 मध्ये मसूद कुटुंब आलं, तेही पोस्टाच्या काउंटरमागेच. त्या घरातली झैनब रंगवणाऱ्या नीना वाडिया मुंबईत जन्मलेल्या पारशी. मसूद मंडळींना मात्र एक न्याय मिळाला. त्यांना स्वयंपाकघर मिळालं, रुसवेफुगवे मिळाले, विनोद मिळाले. तमवर नावाचा त्यांचा लाजरा मुलगा लोकांना खरंच आवडला. नईमाला दुकानाच्या वरच्या दोन खोल्या आणि एक उदास नवरा यापलीकडे फारसं काही मिळालं नव्हतं.

आणि शेवट. सईद जातो बांगलादेशला. नईमा जाते बांगलादेशला. बसथांब्यावरची पोरं मामीला जे ओरडून सांगायची, ते पटकथेने सभ्य भाषेत करून दाखवलं. खऱ्या आयुष्यात तेव्हा उलटं घडत होतं. बायका येत होत्या, मुलं शाळेत नावं घालत होती, 1976 मध्येच ब्रिक लेनवरच्या जुन्या इमारतीत मशीद सुरू झाली होती. ती इमारत 1743 मध्ये फ्रान्समधून पळून आलेल्या प्रोटेस्टंटांनी प्रार्थनेसाठी बांधलेली, मग 1898 पासून ज्यूंचं सिनेगॉग. लोक परत जात नव्हते, मुक्कामाला येत होते. 2021 च्या जनगणनेत टॉवर हॅम्लेट्स या तिथल्या भागातले तिघांत एकाहून जास्त लोक बांगलादेशी वंशाचे निघाले. 2010 मध्ये त्याच भागातून सिलहेटमध्ये जन्मलेल्या रुशनारा अली पार्लमेंटमध्ये निवडून गेल्या. पटकथालेखकांना मात्र नईमा म्हातारी होईपर्यंत त्या चौकात राहील असं दिसलंच नाही.

इथपर्यंत माझं म्हणणं आपल्या बहुतेक पुरुष वाचकांना पटेल. किंबहुना फारच पटेल, आणि मला अडचण आहे ती तिथेच.

कारण मामूंनाही हे पटायचं. नईमा पडद्यावर आली की मामू, घरी असले तर, उठून टीव्ही बंद करायचे. "हे लोक आपली बदनामी करतात," म्हणायचे. त्यांचं चूक नव्हतं. ज्या मालिकेत सगळ्या जगाला सगळी दुःखं वाटून दिली आहेत, तिथे मुस्लिम बाईच्या वाट्याला नेमकं जुळवलेल्या लग्नाचंच दुःख यावं, हा हिशेब ठरलेलाच असतो. आपल्याकडच्या मराठी मालिकांत मुस्लिम पात्र आलं की त्याच्या डोक्यावर टोपी आणि तोंडात मोडकं मराठी येतं, तसंच ते. आमच्या पाच पिढ्या मराठीत भांडल्या, पण मालिकेतला मुसलमान 'अरे भाई' पासून सुरू होतो.

पण मामूंनी टीव्ही बंद केला की मामी काय करायची? रविवारी दुपारी, मामू झोपलेले असताना, आवाज अगदी बारीक करून तोच भाग पाहायची. तिला नईमाचं आडनाव खोटं वाटलं नाही, कारण तिने त्याकडे लक्षच दिलं नाही. तिने पाहिलं ते एवढंच, की एका बाईला माणसं घरात बसवून विचारतात, तू नाही का म्हणतेस? आणि ती बाई पुन्हा नाही म्हणते. मामीचं लग्न सतराव्या वर्षी झालं. तिला कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे नाही म्हणायची वेळ आली नाही. गावच्या त्या व्हीसीआरसमोर मागच्या बायका गप्प का व्हायच्या, ते मला तेव्हा कळलं नाही. आता मी दहावीच्या वर्गाला शिकवते. दर वर्षी परीक्षेनंतर एकदोन हुशार मुली हजेरीपटावरून गायब होतात आणि महिनाभराने निकाहाची पत्रिका येते. पत्रिका आणून देणारा बाप मला आदराने 'मॅडम' म्हणतो. मी विचारते, तिला विचारलंत का? तो म्हणतो, "मॅडम, आमच्यात मुलीची रजामंदी लागतेच." खरं आहे. निकाहात लागतेच. काजीसाहेब विचारतात आणि मुलगी मान खाली घालून गप्प राहते, आणि ते गप्प राहणं हीच रजामंदी धरतात.

तर मी काय करू? बीबीसीच्या लेखकांना म्हणू का की तुम्ही आमची एकच बाजू दाखवली? म्हणते. ती बाजू खोटी आहे असं म्हणू का? ते मला म्हणता येत नाही. चुकीचं आडनाव, चुकीचं दुकान आणि चुकीचा शेवट यांच्या मधोमध एक खरी बाई उभी होती, आणि मामीने तिला बरोबर ओळखलं. बाहेरचे आपल्याला चुकीचं रंगवतात, हे आपल्याकडच्या पुरुषांना फार सोयीचं सापडलेलं वाक्य आहे. चित्र चुकलं म्हणून प्रश्नच नाही, अशी त्यांची उडी असते. 2006 मध्ये मोनिका अली यांच्या 'ब्रिक लेन' कादंबरीवरच्या सिनेमाचं चित्रीकरण होणार होतं, तेव्हा तिथल्या सिलेटी मंडळींनी निदर्शनं केली. आम्हाला अडाणी दाखवलं, ही त्यांची तक्रार. तक्रारीत तथ्य असेलही. त्या कादंबरीची नायिका नझनीन घरात बसून नगावर कपडे शिवते, जसं तिथल्या हजारो बायकांनी शिवलं. त्या बायकांना ते पुस्तक कसं वाटलं हे कुणी विचारलं असतं तर मला वाचायला आवडलं असतं.

'नईमा' म्हणून हाक मारणाऱ्या त्या म्हातारीची मला अलीकडे वारंवार आठवण येते, ती एका वेगळ्याच कारणाने. खेडची बाई आणि सिलहेटची बाई यांच्यातला फरक तिला दिसत नव्हता, आणि त्यात तिचा काही वाईट हेतू नव्हता. आज मुंबईत 'बांगलादेशी' हा शब्द हाकेसारखा नाही, आरोपासारखा वापरला जातो. 2025 मध्ये मुंबईच्या आसपास पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकललं आणि ते भारतीय असल्याचं सिद्ध झाल्यावर परत आणावं लागलं. बंगाली बोलतो आणि नाव मुसलमानी आहे, एवढ्यावर माणसाचा देश ठरला. आमच्यातले काही लोक तेव्हा घाईघाईने सांगत होते, आम्ही तसले नाही, आम्ही मराठी मुसलमान. मीही स्टाफरूममध्ये एकदा असंच म्हणून गेले. बोलून झाल्यावर लाज वाटली. मामीने त्या म्हातारीला चाळीस वर्षांपूर्वी 'मी तसली नाही' म्हटलं नव्हतं.

हा लेख लिहायच्या आधी मी मामीला फोन केला. ती आता सत्तरीच्या पुढे आहे, मामू जाऊन सहा वर्षं झाली, मालिका अजून चालू आहे. मी तिला जाफरीची गोष्ट सांगितली, सिलहेटची सांगितली, दुकानांची सांगितली. तिने ऐकून घेतलं. तिला नईमाचा घटस्फोट नीटसा आठवत नव्हता, स्थळं कोणती आली तेही नाही. तिला आठवत होतं ते असं, की नवरा गेल्यानंतर नईमा एकटीच गल्ल्यावर बसायची.

मग तिने विचारलं, "पुढे काय झालं तिचं?"

"दुकान करीम लोकांनी घेतलं," मी म्हटलं.

"अगो, दुकानाचं नाही. ते मी बघितलंय, करीमही गेले. तिचं. बांगलादेशात जाऊन तिने काय केलं?"

मी म्हटलं, मामी, ते कुणी लिहिलंच नाही.

"लिहायला हवं होतं," ती म्हणाली, आणि मग विचारलं, गावाकडे पाऊस झाला का.